मे महिन्यात ठीक, डिसेंबरात लाल प्लेट: ट्यूब ॲम्पच्या ट्रान्सफॉर्मरचे व्होल्ट का जुळत नाहीत

तक्रार एकच, आणणारा तेवढा बदलतो. ट्रान्सफॉर्मरवर ३२५-०-३२५ लिहिलंय (मधल्या टॅपपासून दोन्ही टोकांना ३२५ व्होल्ट), सर्किटमध्ये बी प्लस, म्हणजे ट्यूबना मिळणारं डीसी व्होल्टेज, साडेतीनशेच्या आसपास हवाय, आणि मीटर चारशेच्या वर दाखवतोय. कुणाचा कपॅसिटर फुगलेला असतो, कुणाच्या पॉवर ट्यूबची प्लेट, म्हणजे काचेच्या आतला पत्रा, लाल होते, कुणाचा फ्यूज दर तिसऱ्या दिवशी उडतो. मग ठरलेला प्रश्न येतो: "वाइंडिंगवाल्यानं गंडवलं का हो काका?"

बहुतेक वेळा गंडवलेलं नसतं. पण बरोबरही केलेलं नसतं. त्या दोन्हींच्या मधे जे काही असतं, त्यानं माझे स्वतःचे दोन कपॅसिटर आणि ६व्ही६ या पॉवर ट्यूबची एक चांगली जोडी खाल्ली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

माझा पहिला गिटार ॲम्प फेंडर कंपनीच्या १९५० च्या दशकातल्या डिलक्स ॲम्पवर बेतलेला होता, ५ई३ नावाचं सर्किट. पुढे १२एवाय७ आणि १२एएक्स७ या छोट्या ट्यूब, मागे दोन ६व्ही६, रेक्टिफायरला, म्हणजे एसीचं डीसी करायला, ५वाय३ ही ट्यूब. ट्रान्सफॉर्मर इथेच नागपुरात भरून घेतला. मे महिन्यात, भर दुपारी, कूलरच्या वाऱ्यात बसून पहिल्यांदा चालू केला आणि पहिल्याच झटक्यात वाजला. बी प्लस ३४८. मला वाटलं, जमलं आपल्याला. पूर्ण उन्हाळा, पावसाळा वाजवला. डिसेंबरात एका रात्री साडेबाराला दार लावून हळू आवाजात वाजवत होतो, दिवा बंद होता, आणि डाव्या ६व्ही६ ची प्लेट कोळशाच्या शेगडीसारखी मंद लाल दिसली. आधी वाटलं हीटरचाच, म्हणजे ट्यूब तापवणाऱ्या तारेचाच, उजेड आहे. नव्हता. हीटर आत, मधोमध, नारिंगी दिसतो. हा लाल डाग बाहेरच्या राखाडी पत्र्यावर होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बघितलं तर डाग नाही. रात्री पुन्हा. आठवडाभर मी ट्यूब बदलत बसलो, कपलिंग कपॅसिटर गळतोय का ते बघत बसलो (गळत नव्हता), सोल्डर पुन्हा केलं. भिंतीतल्या सॉकेटमध्ये मीटर घालायचं काही सुचलं नाही. सुचलं तेव्हा आकडा आला २४६. आणि माझ्या वहीत मे महिन्यातल्या त्या दुपारचा आकडा होता २१२.

नागपूरकराला हे समजावून सांगायला नको. मे महिन्यात दुपारी अख्ख्या गल्लीत कूलर, पंप, एसी एकदम ओढत असतात आणि ओळीच्या टोकाच्या घरात पंखा रडत फिरतो. हिवाळ्यात मध्यरात्री तोच भार उतरलेला असतो, व्होल्टेज वर सरकतं. घर खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरच्या जवळ असेल तर आणखी वर. यात कुणाची चूक नाही. आपल्याकडे ठरलेला पुरवठा २३० व्होल्ट आहे आणि दहा टक्के खाली-वर धरला तर २०७ ते २५३ हे सगळं त्यात बसतं. मिक्सरला त्याचं काही वाटत नाही. ट्यूबला वाटतं.

आता माझ्या ॲम्पचे दोन्ही वेळचे आकडे शेजारी ठेवा. मे, दुपार: सॉकेट २१२, हीटर ६.०७, बी प्लस ३४८, पॉवर ट्यूबच्या सामाईक २५० ओहमच्या कॅथोड रेझिस्टरवर (दोन्ही ट्यूबचा सगळा करंट यातूनच जातो) २०.५ व्होल्ट. डिसेंबर, रात्र: सॉकेट २४६, हीटर ७.०४, बी प्लस ४०२, कॅथोडवर २४.५ व्होल्ट. कॅथोडच्या आकड्याला २५० ने भागा. दुपारी ८२ मिलिॲम्पिअर, रात्री ९८. त्यातून स्क्रीनचा, म्हणजे ट्यूबमधल्या दुसऱ्या जाळीचा, पाच-सात मिलिॲम्पिअर वजा करा, उरलेला दोन ट्यूबमध्ये वाटा, प्लेट आणि कॅथोडमधल्या व्होल्टनं गुणा. दुपारी एका ट्यूबला सव्वाबारा वॅट पडतात, रात्री जवळपास सतरा. ६व्ही६ ची जुनी मर्यादा १२ वॅट, नंतरच्या कागदांत १४. सतरा वॅटला ती लाल होणारच. सॉकेट सोळा टक्क्यांनी वाढलं, पण ट्यूबवरची उष्णता अडतीस-चाळीस टक्क्यांनी वाढली, कारण व्होल्ट आणि करंट दोन्ही वाढले आणि उष्णता त्यांचा गुणाकार आहे. म्हणूनच "थोडंसंच तर जास्त आहे" हे वाक्य ट्यूबच्या कामात चालत नाही.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट, आणि ही गमतीनं सांगत नाही. प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये चारशे व्होल्ट बसून राहतात. बी प्लस ते चासी (ॲम्पचा धातूचा सांगाडा) असा २२० किलोओहम, दोन वॅटचा रेझिस्टर कायमचा लावा, तरीही हात घालण्याआधी मीटरनं मोजून बघा. मोजताना काळी पिन चासीला क्लिपनं अडकवा, लाल एका हातात, दुसरा हात खिशात. आणि नागपुरात विशेष: कूलरखालची ओली फरशी. ॲम्पचं टेबल त्या खोलीत नको. महाल भागातल्या जुन्या घरांत सॉकेटला तीन भोकं असतात पण वरच्या भोकाला तार असेलच असं नाही. फेज आणि अर्थ यांच्यात जवळपास फेज-न्यूट्रलइतकाच आकडा आला पाहिजे, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-चार व्होल्टच. तसं नसेल तर आधी इलेक्ट्रिशियन, मग गिटार.

आणि मीटरची बॅटरी बदला. हसू नका. नऊ व्होल्टची बॅटरी उतरली की बरेच साधे मीटर खरं ते सोडून जास्त दाखवायला लागतात. एकदा माझ्याकडे बी प्लस ४८० घेऊन एक जण आला होता, नवी बॅटरी घातल्यावर ४१० निघाला. तेही जास्तच होतं, पण सत्तर व्होल्ट तर नुसत्या सेलचे होते.

आता मुख्य मुद्दा. ट्रान्सफॉर्मरवरचा "३२५" हा आकडा एकटा कधीच नसतो. त्याला तीन अटी चिकटलेल्या असतात आणि त्या लेबलवर लिहायची पद्धत नाही.

पहिली अट: तो आरएमएस आहे. एसीची लाट वर-खाली होते, तिचा कामापुरता सरासरी हिशेब म्हणजे आरएमएस. रेक्टिफायरनंतरचा कपॅसिटर मात्र लाटेच्या टोकापर्यंत भरतो, आणि ते टोक आरएमएसच्या १.४१४ पट असतं. (याला इंग्रजीत पीक म्हणतात, ते मराठीत लिहिलं की शेतातलं वाटतं, म्हणून मी टोकच म्हणतो.) ३२५ चं टोक ४६०. मग सर्किटमध्ये साडेतीनशे कसे? मधे गळती आहे. ५वाय३ स्वतः या करंटला पन्नासेक व्होल्ट खाते. पहिला फिल्टर १६ मायक्रोफॅरडचा आहे, पन्नास हर्ट्झला दोन लाटांच्या मधे तो ८५ मिलिॲम्पिअर देता देता त्रेपन्न व्होल्टनं रिकामा होतो, म्हणजे सरासरी आणखी सव्वीस-सत्तावीस खाली. उरलेले वाइंडिंगच्या तारेत जातात. ४६० मधून हे सगळं वजा केलं की ३६० च्या आसपास येतं. हा हिशेब एकदा कागदावर स्वतःच्या हातानं करून बघा. नंतर कुणाचाही ट्रान्सफॉर्मर बघितला की डोक्यात आकडा आपोआप उभा राहतो.

दुसरी अट: तो आकडा पूर्ण भाराचा आहे. "३२५-०-३२५, १२० मिलिॲम्पिअर" याचा अर्थ १२० ओढल्यावर ३२५ राहतील. काही न ओढता या आकाराच्या ट्रान्सफॉर्मरवर पाच ते दहा टक्के जास्त दिसतात. इथे एक लोकप्रिय चूक आहे. "जास्त ॲम्पिअरचा घेऊन ठेवू, काय बिघडतं?" बिघडतं. माझ्या ॲम्पचे हीटर एकूण दीड ॲम्पिअर ओढतात: दोन ६व्ही६ प्रत्येकी ०.४५, दोन छोट्या ट्यूब प्रत्येकी ०.३. हीटरचं वाइंडिंग पाच ॲम्पिअरचं भरून घेतलं तर ते जवळपास मोकळंच चालणार आणि ६.३ ऐवजी ६.६-६.७ देणार. दीडपट ठीक. तिप्पट नको.

तिसरी अट, आणि माझा सगळा घोळ हिच्यात होता: तो आकडा प्रायमरीला, म्हणजे मेन्सकडच्या वाइंडिंगला, ठरलेलं व्होल्टेज दिलं तरच. मी चिठ्ठीवर सेकंडरीचं, म्हणजे ॲम्पकडच्या वाइंडिंगांचं, सगळं लिहिलं होतं, तारेच्या स्लीव्हचे रंगसुद्धा. प्रायमरीबद्दल एक अक्षर नाही. मला वाटलं, त्यात काय सांगायचं.

वाइंडिंगवाल्याकडे परत गेलो. दुकान म्हणजे एका बोळातली सहा बाय आठची खोली, वार्निशचा वास, एका कोपऱ्यात कूलरच्या पंपांचा ढीग, दुसऱ्यात स्टॅबिलायझरच्या कॉइल. त्याला मीटरचे आकडे दाखवले. तो मशीनवरचा हात न थांबवता म्हणाला, "दोनशे वीसचंच भरतो नं मी, भाऊ. सगळे तेच नेऊन राहिले. तुम्ही सांगितलं कुठं?"

नव्हतं सांगितलं. आणि त्याच्या आकड्यात चूकही नव्हती: २२० दिलं असतं तर हीटर बरोबर ६.३ आला असता. २४६ भागिले २२० म्हणजे १.११८. ६.३ गुणिले १.११८ म्हणजे ७.०४. माझा मीटर, त्याचं मशीन आणि भिंतीतलं सॉकेट, तिघंही खरं बोलत होते.

म्हणून कुणी जास्त बी प्लसची तक्रार घेऊन आला की मी बी प्लस बघतच नाही. आधी सॉकेट आणि हीटर, दोन्ही एकाच मिनिटात, सगळ्या ट्यूब लावून, पाच मिनिटं तापल्यावर. बी प्लसमध्ये रेक्टिफायर, कपॅसिटर, बायस (ट्यूबमधून किती करंट वाहायचा ते ठरवणारी जोडणी), ट्यूबचं वय असे दहा जण ढवळतात. हीटरच्या वाइंडिंगला मधे कुणी नाही, ते थेट प्रायमरीशी बांधलेलं आहे. हीटर ६.३ च्या आसपास असेल आणि बी प्लस तरीही फार वर असेल, तर ट्रान्सफॉर्मरला सोडा आणि रेक्टिफायर व बायसकडे बघा. हीटर पण त्याच प्रमाणात वर असेल, तर प्रायमरी आणि सॉकेटचं जुळत नाहीये. हीटर ५.७ ते ६.९ या पट्ट्यात हवा, ६.३ च्या दहा टक्के आत. मापन एका वेळचं पुरत नाही: सकाळी, दुपारी, रात्री अकरानंतर. जमलं तर एक उन्हाळ्यातलं, एक हिवाळ्यातलं. वहीत लिहून ठेवा, आठवणीवर नको.

हीटर बरोबर पण बी प्लस जास्त, या जातीचं सगळ्यात जास्त दिसणारं कारण म्हणजे ५वाय३ काढून तिच्या जागी डायोड. मनीषनगरातला एक पोरगा असा ॲम्प घेऊन आला. ५वाय३ महाग पडली म्हणून दोन १एन४००७ लावले होते. त्याचं म्हणणं, "सर्किट तर सेमच आहे नं, दादा." (मला दादा म्हणाला, म्हणून चहा पण पाजला.) सर्किट सेमच होतं. पण ५वाय३ खात होती ते पन्नासेक व्होल्ट आता खाणारं कुणी नव्हतं. शिवाय ट्यूब रेक्टिफायर तापेपर्यंत बी प्लस येत नाही, डायोड मात्र बटण दाबताच देतो, तेव्हा बाकीच्या ट्यूब थंड असतात, करंट कुणी ओढत नाही आणि कपॅसिटर थेट टोकापर्यंत चढतो.

त्यातच त्यानं पहिल्यांदा चालू करताना "सावधगिरी म्हणून" सगळ्या ट्यूब काढून ठेवल्या होत्या. त्याचा ट्रान्सफॉर्मरही २२० चा, घरी सॉकेट २४४. ३२५ चे झाले ३६०, भार नाही म्हणून आणखी सात टक्के, ३८६. त्याचं टोक ५४५ व्होल्ट. कपॅसिटर ४५० चे. पहिल्या कपॅसिटरच्या डोक्यावरची खाच फुगून उघडली आणि खोलीत तो सडक्या मासळीसारखा वास भरला. हा वास एकदा घेतला की विसरत नाही.

त्याचा फ्यूजही उडत होता, पण तो त्या कपॅसिटरमुळे नाही, डायोडमुळे. मधला टॅप जमिनीला धरून केलेल्या या जोडणीत एक डायोड वाहतो तेव्हा दुसऱ्यावर उलटं व्होल्टेज टोकाच्या दुप्पट पडतं. ५४५ ची दुप्पट १०९०. १एन४००७ ची मर्यादा १०००. दोन्हीतला एक आरपार शॉर्ट झालेला होता. डायोडच वापरायचे असतील तर प्रत्येक बाजूला दोन-दोन एकामागे एक लावा, पहिला फिल्टर ४५० व्होल्टचे दोन सिरीजमध्ये करा आणि प्रत्येकावर २२० किलोओहमचा समतोल रेझिस्टर द्या. सिरीजमध्ये किंमत अर्धी होते, म्हणजे १६ हवे असतील तर ३३-३३ चे घ्या. आणि ट्रान्सफॉर्मर मागवतानाच सेकंडरी कमी मागवा. ३२५ नको, २७५-२८० पुष्कळ.

दुसऱ्या टोकाची चूकही बघितली आहे: ५वाय३ च्या जागी ५यू४. बेस तोच, पिन त्याच. पण ५वाय३ चा हीटर दोन ॲम्पिअर ओढतो, ५यू४ चा तीन. दोनचं वाइंडिंग तीन ओढून तापतं आणि त्याची उष्णता सगळ्या ट्रान्सफॉर्मरला लागते. जीझेड३४ चालते, तिचा हीटर १.९ ॲम्पिअर आहे, पण ती व्होल्ट फार कमी खाते, म्हणजे बी प्लस पुन्हा वर. "बसली म्हणजे चालेल" हा नियम इथे नाही.

आणि ब्रिज. ३२५-०-३२५ च्या दोन टोकांना चार डायोडचा ब्रिज लावला तर ६५० चं टोक येतं, ९१९ व्होल्ट. मधला टॅप जमिनीला ठेवून ब्रिज लावला तर सरळ शॉर्ट. ब्रिजसाठी एकेरी वाइंडिंग मागवायचं, २६०-२७० व्होल्टचं, आणि त्याचा करंट सढळ हातानं, कारण ब्रिज आणि कपॅसिटरच्या जोडीत डीसीला एसी करंटच्या ०.६२ पटच मिळतो. १०० मिलिॲम्पिअर डीसी हवा तर १६० चं वाइंडिंग. याहून जास्त यावर बोलत नाही, हा वेगळा विषय आहे.

समजा ट्रान्सफॉर्मर तुमच्याकडे आधीच आहे, लेबल पुसलेलं, कुणाच्या तरी जुन्या रेडिओतून काढलेला. त्याला थेट २३० देऊन बघू नका. बाजारात मिळणारा १२ व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर घ्या आणि त्याचे १२ व्होल्ट या अनोळखी ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला द्या. सगळं वीसपटीनं लहान होऊन समोर येतं. ज्या जोडीवर ३५-३८ व्होल्ट दिसतात ती एचटी, म्हणजे बी प्लससाठीचं जास्त व्होल्टचं वाइंडिंग, जिथे ०.३५ च्या आसपास दिसतात ती हीटरची. प्रायमरीवर नेमके किती आहेत तेही मोजा, १२ च्या ट्रान्सफॉर्मरवर बिनभाराचे १३-१४ निघतात. मग गुणोत्तर काढा. एक लक्षात असू द्या: चांगला वाइंडर भाराखाली पडणारे व्होल्ट भरून काढायला सेकंडरीला चार-सहा टक्के वेढे जास्त देतो, त्यामुळे बिनभाराचं गुणोत्तर नेहमी थोडं फुगलेलं येणार. ते बघून त्याच्या नावानं खडे फोडू नका.

आता उपाय. मी केले त्या क्रमानं सांगतो, शहाण्या क्रमानं नाही.

मी आधी हीटरच्या दोन्ही तारांत ०.२२ ओहमचा एकेक रेझिस्टर टाकला. दीड ॲम्पिअरला ०.६६ व्होल्ट पडतात, ७.०४ चे ६.३८ झाले. खूश झालो. उन्हाळा आला, सॉकेट २१२ वर गेलं, हीटर साडेपाच झाला आणि आवाज गोणपाटातून आल्यासारखा दबला. रेझिस्टर काढले. शिवाय बी प्लस त्यानं हललाही नव्हता.

मग मधल्या टॅपमध्ये झेनर. एचटीचा मधला टॅप थेट चासीला न जोडता मधे ३० व्होल्टचा झेनर टाकायचा, पट्टीचं टोक चासीकडे. बी प्लस बरोबर तितकाच खाली येतो. १०० मिलिॲम्पिअरला तीन वॅट उष्णता होते, म्हणून दहा वॅटचा घेऊन पत्र्याला पक्का बसवायचा. हीटर बरोबर आणि फक्त बी प्लस जास्त असेल त्यांच्यासाठी हा उपाय स्वस्त आणि सुंदर आहे. माझा हीटरही जास्त होता, म्हणून मला अर्धाच उपयोग.

शेवटी जे केलं ते पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. १२ व्होल्ट, १ ॲम्पिअरचा छोटा ट्रान्सफॉर्मर घेतला. त्याची प्रायमरी मेन्सला, आणि त्याचे १२ व्होल्ट ॲम्पकडे जाणाऱ्या फेजच्या तारेत उलटे जोडले. उलटे म्हणजे ते मेन्समधून वजा होतात. ॲम्प पुरता शंभर वॅटही ओढत नाही, अर्ध्या ॲम्पिअरच्या आत, त्यामुळे एक ॲम्पिअरचा निवांत पुरतो. २४६ वर त्या छोट्याचे १२.८ होतात, उरले २३३. मोजल्यावर २५९ आले तर बेरीज होतेय, त्या दोन तारा आपसात बदला. हे ॲम्प न जोडता, साधा बल्ब जोडून तपासा. आणि हे १२ व्होल्ट आता १२ व्होल्ट राहिलेले नाहीत, फेजला बांधलेले आहेत, तेव्हा बंद डब्यात, फ्यूजनंतर, पत्र्याला अर्थ करून.

चोवीस व्होल्ट वजा केले असते तर रात्रीचं अगदी बरोबर २२० आलं असतं. मोह झाला होता. पण मग मे महिन्याच्या दुपारी १९० उरले असते आणि हीटर ५.४. बाराचा सौदा दोन्हीकडे जेमतेम बसतो: रात्री हीटर ६.६७, उन्हाळी दुपारी ५.७५. सोबत कॅथोडचा २५० ओहमचा रेझिस्टर काढून ३३० चा, दहा वॅटचा लावला. आता डिसेंबरच्या रात्री बी प्लस ३८६, कॅथोडवर साडेपंचवीस, ट्यूबमागे साडेबारा वॅट. अंधारात बसून अर्धा तास बघितलं. दोन्ही प्लेटा राखाडी.

घरगुती स्टॅबिलायझरबद्दल विचारतात. चालतो, पण रिलेचा असेल तर त्याचं "टक" नेमकं वाजवताना ऐकू येतं आणि पायरी बदलताना व्होल्टेज एकदम दहा-पंधरानं उडी मारतं. सर्व्हो मोटरचा असेल तर बरा. त्या पैशात माझ्या मते नवा ट्रान्सफॉर्मर भरून घेणं शहाणपणाचं. आणि सर्किटवरच्या आकड्याशी एक-दोन व्होल्टसाठी भांडू नका. फेंडरच्या त्या काळच्या कागदांवर तळाशी लिहिलेलंच असे की दिलेले आकडे वीस टक्के खाली-वर धरावेत. तिकडे अमेरिकेतही तेव्हा सॉकेटमध्ये ११७ च्या आसपास असायचे, आता १२० च्या वर असतात, आणि जुने ॲम्प तिथेही याच कारणानं तापतात.

मनीषनगरच्या पोरासाठी नवा ट्रान्सफॉर्मर भरायला दिला तेव्हा चिठ्ठी अशी लिहिली: "प्रायमरी ०-२२०-२३०-२४०-२५०, पन्नास हर्ट्झ. सेकंडरी एक: २८०-०-२८०, १२० मिलिॲम्पिअर, पूर्ण भारावर. सेकंडरी दोन: ६.३ व्होल्ट, २.५ ॲम्पिअर, पूर्ण भारावर, मधला टॅप. प्रायमरी आणि सेकंडरीच्या मधे तांब्याच्या पत्रीचा एक अपुरा वेढा, त्याची तार वेगळी बाहेर. वार्निश करून भट्टीत सुकवणे." डायोड लावणार होता म्हणून ५ व्होल्टचं वाइंडिंग नाही. वाइंडिंगवाल्यानं चिठ्ठी दोनदा वाचली, म्हणाला, "एवढे टॅप? याला का कूलर, पंखा, सगळंच लावता का?" आणि टॅपमागे थोडे जास्त पैसे घेतले, ते योग्यच.

फक्त या वेळी रंग लिहायचे राहिले. प्रायमरीच्या पाचही तारा पिवळ्या स्लीव्हमध्ये आल्या. मग पुन्हा तेच १२ व्होल्ट कामाला आले. ओहमवर मोजलं तर चार तारांमध्ये आपसात एक-दोन ओहमच्या आत फरक, आणि पाचवी त्या चौघींपासून लांब. ती शून्य. शून्य आणि एकेक टॅपला १२ दिले आणि एचटीवर बघितलं. ज्या टॅपला सगळ्यात जास्त व्होल्ट आले तो २२० चा, कारण त्याचे वेढे सगळ्यात कमी. सगळ्यात कमी आले तो २५० चा. तारांना कागदाच्या चिकटपट्टीचे झेंडे लावले, त्यावर पेननं आकडे. पोराच्या घरी सॉकेट रात्री २४४ असतं, त्याला २४० च्या टॅपवर जोडून दिलं. हीटर ६.४, बी प्लस ३६८. मे महिन्यात २३० वर बदलायला ये म्हणून सांगितलंय.